हिशेब न जुळलेला जगज्जेता : ज्यो लुईस

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मुष्टियोद्ध्याचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमचा भाग तालमींचा. मातीचा आखाडा आणि कुस्तीचे मैदान आम्हाला लहानपणापासून ठाऊक; मुष्टियुद्ध मात्र वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानापलीकडे फारसे भेटत नाही. शब्द तेवढा जवळचा आहे. तो आपल्या अंकाच्या मराठी विभागात चालतो तसा कन्नड विभागातही चालतो. पण ज्यो लुईसकडे मी वळलो तो आयकराच्या अभ्यासामुळे. करपात्र उत्पन्न, वजावट, थकबाकी, व्याज, दंड ही प्रकरणे आम्ही परीक्षेपुरती घोकतो. तीच प्रकरणे एका माणसाच्या आयुष्यात कशी उतरली हे वाचले, आणि मग त्या माणसाचा पिच्छा सोडवेना.

जोसेफ लुईस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, लाफायेट गावाच्या परिसरात झाला. आठ भावंडांत तो सातवा. आईवडील दोघांचेही आईवडील एके काळी गुलाम होते. वडील मन्रो बॅरो हे दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करत. लुईस दोन वर्षांचा असेल-नसेल, तेव्हा त्यांच्या मनाचा तोल गेला आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. पुढे ते वारल्याची बातमी घरी आली. आई लिलीने पॅट ब्रूक्स नावाच्या गृहस्थाशी दुसरे लग्न केले. बातमी खोटी होती. मन्रो बॅरो १९३८ पर्यंत जिवंत होते. तोवर मुलगा जगज्जेता झाला होता.

१९२६ मध्ये हे कुटुंब डेट्रॉईट शहरात आले. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून हजारो काळी कुटुंबे त्या काळात उत्तरेकडच्या कारखान्यांच्या गावी निघाली होती, त्यांतलेच हे एक. सावत्र वडिलांना फोर्डच्या मोटार कारखान्यात काम मिळाले. मुलगा एका धंदेशिक्षणाच्या शाळेत सुतारकाम शिकू लागला. पोराने व्हायोलिन शिकावे अशी आईची हौस. शिकवणीसाठी तिने दिलेले पैसे त्याने व्यायामशाळेच्या वर्गणीत घातले, ही गोष्ट त्याच्या प्रत्येक चरित्रात येते. मग मंदी आली, घरातली मिळकत थांबली आणि कुटुंबाला सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. ही मदतीची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

१९३२ मधल्या त्याच्या पहिल्या हौशी लढतीत जॉनी मायलर नावाच्या मुष्टियोद्ध्याने त्याला दोन फेऱ्यांत सात वेळा खाली पाडले. लुईसने काही महिने खेळाचे नाव टाकले आणि तोही कारखान्यात खपू लागला. पण चैन पडेना, म्हणून तो परत फिरला. १९३४ पर्यंत तो हौशी मुष्टियोद्ध्यांत राष्ट्रीय विजेता झाला होता.

याच सुमारास जॉन रॉक्सबरो त्याच्या आयुष्यात आला. हा डेट्रॉईटच्या काळ्या वस्तीतला वजनदार माणूस. दानधर्म करणारा, शाळकरी पोरांना मदत करणारा. पण पैसा यायचा तो आपल्याकडच्या मटक्यासारख्या आकड्यांच्या जुगारातून. त्याने शिकागोच्या ज्यूलियन ब्लॅकला भागीदार केले आणि जॅक ब्लॅकबर्न हा जुना, खडूस पण पक्का जाणकार मुष्टियोद्धा वस्ताद म्हणून नेमला. ब्लॅकबर्न स्वतः काळा. तरी काळ्या हेवीवेटला शिकवायला तो सुरुवातीला राजी नव्हता. कितीही शिकवले तरी या पोराला अजिंक्यपदाची लढत मिळणार नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

यामागे एक इतिहास होता. १९०८ ते १९१५ या काळात जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट जगज्जेता होऊन गेला. तो गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला झोडपताना हसायचा, उंची गाड्या उडवायचा, त्याने गोऱ्या बायकांशी लग्ने केली. १९१० मध्ये त्याने जेफ्रीजला हरवले त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगली झाल्या आणि माणसे मेली. जॉन्सन हरल्यानंतर दोन दशके एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला या वजनी गटात अजिंक्यपदासाठी लढू दिले गेले नाही. कायदा कुठेही लिहिलेला नव्हता. नुसता करार व्हायचा नाही, एवढेच.

म्हणून रॉक्सबरोने लुईसला नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. एकट्याने रात्रीच्या क्लबात जायचे नाही. ठरवून केलेली लढत घ्यायची नाही. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून आनंद दाखवायचा नाही. छायाचित्रकारांपुढे चेहरा कोरा ठेवायचा. विशीतल्या पोराने हे सारे पाळले. त्याची जुनी छायाचित्रे पाहिली की तो दगडी चेहरा प्रथम डोळ्यांत भरतो. त्या काळच्या गोऱ्या वार्ताहरांनी त्याला मंद, झोपाळू, जंगली असे काय काय ठरवले. मला तर वाटते, त्याच्या खात्यावरचा पहिला खर्च हाच होता. जिंकल्यावर हसण्याची मोकळीक त्याला मिळाली नाही.

४ जुलै १९३४ रोजी शिकागोत त्याने पहिली धंदेवाईक लढत केली. प्रतिस्पर्धी जॅक क्रॅकन पहिल्याच फेरीत आडवा झाला. लुईसची बिदागी होती ५९ डॉलर. वर्षभरातच, जून १९३५ मध्ये, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर त्याने प्रिमो कार्नेरा या इटलीच्या धिप्पाड माजी जगज्जेत्याला सहाव्या फेरीत लोळवले. मुसोलिनी त्या वेळी इथिओपियावर चाल करून जाण्याच्या तयारीत होता. काळ्या अमेरिकेने त्या लढतीत काय पाहिले असेल ते वेगळे सांगायला नको. सप्टेंबरमध्ये मॅक्स बेअर चौथ्या फेरीत गेला. त्या लढतीची तिकीटविक्री दहा लाख डॉलरच्या घरात पोहोचली आणि त्याच दिवशी, लढतीपूर्वी, लुईसने मार्वा ट्रॉटरशी लग्नही उरकून घेतले होते!

पैसा आला तशी उधळपट्टीही आली. पण एक गोष्ट त्याने आठवणीने केली. मंदीच्या दिवसांत कुटुंबाने घेतलेली ती सरकारी मदत त्याने डेट्रॉईटच्या तिजोरीत परत भरली. मदत परत करण्याची सक्ती नव्हती. कुणी मागितलीही नव्हती.

आता मॅक्स श्मेलिंगकडे वळतो, कारण या माणसावाचून लुईसचे चरित्र पुढे सरकत नाही. श्मेलिंग जर्मन, १९३० ते १९३२ या काळातला जगज्जेता, लुईसपेक्षा आठएक वर्षांनी मोठा. १९ जून १९३६ रोजी दोघांची गाठ पडली तेव्हा त्याचे दिवस संपले असेच सगळे धरून चालले होते. लुईसही धरून चालला होता. सरावाच्या दिवसांत त्याचे निम्मे लक्ष नव्याने लागलेल्या गोल्फच्या नादात होते. इकडे श्मेलिंगने लुईसच्या लढतींच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि त्याला एक खोट सापडली. डावा ठोसा मारून झाला की लुईसचा डावा हात खाली येतो, आणि क्षणभर जबडा उघडा पडतो. श्मेलिंगचा उजवा ठोसा बरोबर त्या क्षणी, त्या जागी बसत राहिला. चौथ्या फेरीत लुईस पडला. उठून लढला, पण डोके ठिकाणावर नव्हते. बाराव्या फेरीत सारे संपले. हार्लेमच्या रस्त्यांवर माणसे रडली. जर्मनीत नाझी वृत्तपत्रांनी याला वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा ठरवले.

रीतीप्रमाणे जगज्जेता जिमी ब्रॅडॉक याच्याशी लढायचा हक्क यानंतर श्मेलिंगचा होता. पण मुष्टियुद्धाच्या बाजारात रीतीपेक्षा करार मोठा. श्मेलिंग जिंकला तर अजिंक्यपद हिटलरच्या देशात जाऊन बसेल ही धास्ती एकीकडे, आणि माइक जेकब्स हा लुईसचा व्यवस्थापक-व्यापारी दुसरीकडे. जेकब्सने ब्रॅडॉकच्या माणसांना पुढल्या दहा वर्षांतल्या हेवीवेट लढतींच्या आपल्या नफ्यात दहा टक्के देऊ केले. म्हणजे ब्रॅडॉकने पराभवाचाच विमा उतरवला! २२ जून १९३७ रोजी शिकागोत ब्रॅडॉकने लुईसला पहिल्या फेरीत खाली बसवले, आणि आठव्या फेरीत लुईसने त्याला निजवले. जॉन्सननंतर बावीस वर्षांनी हेवीवेटचे अजिंक्यपद एका काळ्या माणसाकडे आले.

तरी श्मेलिंगला हरवल्याशिवाय मी जगज्जेता नाही, असे लुईस स्वतःच मानत होता. बरोबर वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, यँकी स्टेडियमवर सत्तर हजारांवर माणसे जमली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लुईसला आधी भेटीला बोलावले होते. रेडिओभोवती कोट्यवधी लोक बसले. लुईस घंटेसरशी सुटला. श्मेलिंग दोरांना टेकला, कमरेच्या वर मणक्यापाशी बसलेल्या एका ठोशाने किंचाळला, तीनदा पडला. २ मिनिटे ४ सेकंद, आणि लढत संपली. रेडिओ लावायला ज्याला जरा उशीर झाला त्याला काहीच ऐकू आले नसेल.

त्या रात्री लुईस साऱ्या अमेरिकेचा झाला, असे लिहिण्याची पद्धत आहे. मला ते वाक्य पुरते पटत नाही. ज्या देशाचा झेंडा त्याच्या खांद्यावर दिला गेला, त्या देशाच्या दक्षिण भागात त्याला गोऱ्यांच्या खाणावळीत बसून जेवता येत नव्हते. आणि ज्याला हिटलरचा माणूस म्हणून उभे केले तो श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद कधीच नव्हता. त्याचा अमेरिकेतला व्यवस्थापक ज्यू होता आणि दडपण येऊनही श्मेलिंगने त्याला सोडले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत ज्यूंच्या घरादारांवर हल्ले झाले, तेव्हा त्याने बर्लिनमधल्या आपल्या खोलीत दोन ज्यू मुलांना लपवून वाचवले. हे जगाला कळले ते अर्ध्या शतकानंतर. दोघांच्या खांद्यांवर दुसऱ्यांनी आपापले ओझे ठेवले होते, आणि दोघेही तेव्हा त्याबद्दल काही बोलले नाहीत.

यानंतरची तीन वर्षे झपाट्याची. समोर येईल त्याला लुईस हरवत गेला. त्यांतली एक लांबलेली लढत : जून १९४१ मध्ये बिली कॉन हा त्याच्यापेक्षा बराच हलका पण चपळ गडी बारा फेऱ्या पुढे होता. तेराव्या फेरीत कॉनला नुसते जिंकणे पुरेसे वाटेना. त्याला लुईसला पाडायचे होते. तो मारामारीला उतरला आणि स्वतःच पडला.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. ९ जानेवारी १९४२ रोजी लुईसने बडी बेअरला पहिल्या फेरीत हरवले आणि आपली सारी बिदागी, सुमारे ४७,००० डॉलर, नौदलाच्या मदतनिधीला दिली. त्या वेळी त्या नौदलात काळ्या माणसाला खलाशांच्या खानावळीतल्या वाढप्याच्या कामापलीकडे जवळजवळ काही मिळत नव्हते. दुसऱ्याच दिवशी तो सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती झाला. पगार महिना २१ डॉलर. मार्चमध्ये एब सायमनला हरवून त्याने सुमारे ३६,००० डॉलर भूदलाच्या निधीला दिले. दोन्ही वेळा अजिंक्यपद पणाला लागलेले होते. हरला असता तर पद गेले असते, आणि पैसे तर गेलेलेच होते.

आपल्याकडे आयकर कायद्याखाली देणगीची वजावट मिळते, हे बी. कॉम.चा कोणीही विद्यार्थी सांगेल. लुईसच्या बाबतीत ही दान केलेली बिदागी त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली गेली. म्हणजे त्याने सरकारला पैसे दिले, आणि सरकारने त्या पैशांवरचा कर त्याच्या नावे मांडला. युद्धाच्या काळात अमेरिकेतला वरच्या पायरीचा कराचा दर नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला होता. आणि लुईसच्या उत्पन्नातला निम्मा भाग रॉक्सबरो व ब्लॅक यांच्याकडे जात होता. खर्च निघायचे ते त्याच्या उरलेल्या अर्ध्यातून. युद्ध चालू असताना तो शिपायाच्या पगारावर, आणि घर चालायचे ते जेकब्सकडून घेतलेल्या उचलीवर.

सगळा दोष सरकारवर टाकणे मात्र न्यायाचे होणार नाही. लुईसला पैसा सांभाळता येत नव्हता. मित्राने हात पसरला की खिसा रिकामा. गोल्फमध्ये पैजा लावून तो हजारो डॉलर हरत असे. त्याने उपाहारगृह काढले, घोडे पाळले, सॉफ्टबॉलचा संघ बाळगला; यांतला कुठलाही धंदा टिकला नाही. हिशेब ठेवायचे काम ज्यांच्याकडे होते त्यांना त्याच्या हिशेबापेक्षा स्वतःचा वाटा महत्त्वाचा होता. जमाखर्चाची वही दुसऱ्याच्या हाती देऊन निर्धास्त झोपणाऱ्या माणसाचे काय होते, ते आपण आपल्या बाजारपेठेतही पाहतो.

सैन्यातल्या त्याच्या कामाचा हिशेब मात्र डॉलरमध्ये करता येणार नाही. त्याने ९६ प्रदर्शनीय लढती केल्या आणि त्या जवळजवळ वीस लाख सैनिकांनी पाहिल्या. काळ्या-गोऱ्या सैनिकांना वेगवेगळे बसवले तर तो रिंगणात उतरायला नकार देई. कॅन्ससमधल्या फोर्ट रायली छावणीत शिकलेल्या काळ्या जवानांना अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणासाठी घेत नव्हते. त्यांतल्या एकाने लुईसच्या कानावर हे घातले, लुईसने वॉशिंग्टनमधल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला कळवले, आणि दार उघडले. तो जवान म्हणजे जॅकी रॉबिन्सन. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बड्या बेसबॉल संघांतली वर्णाची भिंत त्यानेच तोडली. दगडी चेहऱ्याचा, फारसा न बोलणारा लुईस काय करू शकत होता याचा हा पुरावा मला दोन मिनिटांच्या त्या लढतीहून मोठा वाटतो.

युद्ध संपल्यावर जून १९४६ मध्ये कॉनशी पुन्हा लढत झाली. रिंगणालगतचे तिकीट १०० डॉलर. लुईसच्या वाट्याला सहा लाखांवर डॉलर आले. त्यांतून व्यवस्थापकांचा वाटा, जेकब्सची उचल, घटस्फोटित पत्नीचे देणे आणि कर वजा जाता हाती म्हणावे असे काही राहिले नाही. मार्च १९४९ मध्ये तो निवृत्त झाला. ११ वर्षे ८ महिने जगज्जेता, २५ वेळा पद राखलेले. हेवीवेट गटात हा विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही.

निवृत्ती त्याला परवडली नाही. कराची थकबाकी, तिच्यावर व्याज, व्याजावर दंड. १९५० मध्ये तो परत रिंगणात उतरला आणि एझार्ड चार्ल्सकडून गुणांवर हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. मार्सियानोचे हे लहानपणचे दैवत. जिंकल्यावर त्याला रडू आवरले नाही.

देणे वाढतच गेले. १९५० चे दशक संपताना व्याज-दंडासह ते दहा लाख डॉलरवर पोहोचले होते. १९५३ मध्ये आई वारली. तिने मुलासाठी ठेवलेले सहाशेच्या वरचे काही डॉलरही कराच्या खात्याने उचलले. १९५६ मध्ये लुईस पैशासाठी कुस्तीच्या रिंगणात उतरला. आपल्या आखाड्यातली कुस्ती वेगळी. तिकडची ती निकाल आधी ठरलेली, तमाशावजा कुस्ती. ठरवून केलेली लढत घ्यायची नाही हा रॉक्सबरोचा नियम तिथे मोडला. तिथेही त्याच्या बरगड्यांना दुखापत झाली आणि तो धंदा सोडावा लागला.

ज्या गोल्फच्या नादाने १९३६ मध्ये घात केला, त्या गोल्फनेच १९५२ मध्ये त्याच्या हातून एक मोठे काम करवले. सॅन डिएगोच्या स्पर्धेचे त्याला निमंत्रण आले, आणि मग धंदेवाईक गोल्फपटूंच्या संघटनेला आठवले की आपल्या घटनेत फक्त गोऱ्यांनाच सभासदत्व आहे. लुईस या वेळी गप्प बसला नाही. त्याने वार्ताहरांना बोलावून उघड बोभाटा केला. अखेर त्याला हौशी खेळाडू म्हणून खेळू देणे भाग पडले. ते कलम पुरते जायला १९६१ उजाडले. रॉक्सबरोच्या नियमांतून तो एव्हाना सुटला होता, हे मला इथे फार जाणवते.

१९५९ मध्ये त्याने मार्था जेफर्सन या वकील स्त्रीशी लग्न केले. त्याच्या आयुष्यात व्यवहार कळणारे जिव्हाळ्याचे माणूस यायला इतकी वर्षे लागली! तिच्या खटपटीमुळे १९६० नंतर कराच्या खात्याने चालू उत्पन्नापुरताच कर घ्यायचे मान्य केले. मागचे देणे फिटले नाही. त्याचा तगादा थांबला. पुढे अमली पदार्थांचा फेरा आला, कोणीतरी आपल्या जिवावर उठले आहे असा भ्रम जडला, १९७० मध्ये मनोरुग्णालयात राहावे लागले. बरा झाल्यावर लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी त्याने धरली. येणाऱ्यांशी हात मिळवायचे, छायाचित्राला उभे राहायचे. कुणाला यात अप्रतिष्ठा दिसते. मला वाटते, त्याला माणसांत राहायला आवडत असे आणि आता हसायला कुणाची मनाई नव्हती. १९७७ च्या हृदयविकारानंतर तो चाकांच्या खुर्चीला खिळला.

११ एप्रिल १९८१ च्या रात्री त्याने सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्सची अजिंक्यपदाची लढत खुर्चीत बसून पाहिली. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ६६. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियमाला अपवाद करून त्याला वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चातला काही भाग मॅक्स श्मेलिंगने उचलला. युद्धानंतर शीतपेयांच्या धंद्यात श्मेलिंगचे चांगले बस्तान बसले होते. १९५४ पासून दोघांचा घरोबा होता, आणि लुईसला तो अडीअडचणीला मदत पाठवी. ९९ वर्षे जगून तो २००५ मध्ये वारला.

डेट्रॉईटमध्ये १९७९ साली लुईसच्या नावाचे भव्य क्रीडागृह उघडले होते. २०१७ मध्ये ते बंद झाले आणि पुढे पाडून टाकण्यात आले. तिथला संघ ज्या नव्या क्रीडागृहात गेला त्याला पिझ्झा विकणाऱ्या एका कंपनीचे नाव आहे. नाव लावायचे पैसे मोजले जातात, हे आम्ही जाहिरातशास्त्रात शिकतोच. भररस्त्यात १९८६ पासून टांगलेला लुईसचा चोवीस फुटी काशाचा हात मात्र जागेवर आहे. मनगट, कोपर आणि वळलेली मूठ, बाकी शरीर नाही. त्या मुठीवर मुष्टियोद्ध्याचा हातमोजा घातलेला नाही.